हवा किती भरू, साहेब?



हा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. इंदूरला असा, बंगळुरूला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला असा, पेट्रोल पंपावर हवेची नळी हातात धरलेला पोरगा विचारतो, "कितना डालूँ, साहब?" आणि आपण क्षणाचाही विचार न करता सांगतो, "पैंतीस." जरा जास्त काळजी घेणारे "तैंतीस" म्हणतात. हा आकडा कुठून आला, कुणी सांगितला, याचा पत्ता नसतो. मीही चाळीस वर्षं असंच सांगत आलो. आणि माझी नोकरी तर गाड्यांचीच होती.

आम्ही इंदूरचे मराठी. मी इथूनच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि नंतर फौजेत गेलो. अठ्ठावीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली, म्हणजे रेशन, पेट्रोल आणि वाहतूक. फौजेत गाडी गेटबाहेर पडण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते. तेल, पाणी, पट्टा, बॅटरी आणि टायर. परत आल्यावर ‘लास्ट परेड’. एमटी पार्कमध्ये मी तरुण कॅप्टन असताना एखाद्या शक्तिमानच्या टायरमध्ये हवा कमी सापडली, तर त्या ड्रायव्हरची रविवारची सुट्टी गेलीच म्हणून समजा. कमी हवा म्हणजे निष्काळजीपणा, हे समीकरण माझ्या डोक्यात असं घट्ट बसलेलं. जास्त हवेबद्दल मी कुणालाही कधी शिक्षा केली नाही.

आता गोष्ट २०१९ च्या सप्टेंबरची. आमची धाकटी लेक इंग्लंडात शेफील्डला राहते. हॉस्पिटलात नोकरी, रात्रपाळ्या. तिनं स्वतःच्या पैशानं एक जुनी गाडी घेतली होती. माझदा एमएक्स-५, १९९२ ची, १.६ लिटरची. दोन सीट, कापडी छत, आणि दिवे लावले की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. आमच्या सौभाग्यवतींनी फोटो पाहून विचारलं होतं, "यात भाजी कुठे ठेवायची?"

या गाडीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्या वजनावर उभं आहे. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. पूर्वी ब्रिटिश कंपन्या हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या बनवत. त्या बहुतेक बंद पडल्या होत्या, आणि ती रिकामी जागा जपान्यांनी भरली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या इंजिनिअरांनी एक जपानी शब्द धरून ठेवला होता, ‘जिन्बा इत्ताई’. घोडा आणि स्वार एकजीव. घोड्यावरून बाण मारणाऱ्या धनुर्धरांकडून आलेली ही कल्पना. फौजी माणसाला ती लगेच कळते. त्यासाठी गाडी हलकी हवी, आणि ही भरते सुमारे ९६० किलो. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वाटलेलं, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. आपल्याकडे असल्या गाड्या दुर्मीळच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरची दोन सीटर निघाली होती, तेवढीच चटकन आठवते.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणे फर्स्ट परेड केली. गेज लावलं. चारही टायरांत २६. मला धक्काच बसला. लेकीला म्हटलं, "बेटा, अशी गाडी चालवतेस? चारही टायर बसलेत." ती म्हणाली, "बाबा, दारावर सव्वीसच लिहिलंय." दार उघडून पाहिलं, खरंच स्टिकर होता. पुढे २६, मागे २६. आणि मंडळी, मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "ते तीस वर्षांपूर्वीचं. आरामासाठी लिहितात ते लोक. रस्त्यावर मी चालवल्यात गाड्या." पेट्रोल पंपावर गेलो. तिथे मशीनवर आकडा आपणच लावायचा असतो, भरून झालं की ते वाजतं. मी ३३ लावला. चारदा वाजलं. माझं समाधान झालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस. आपला मुसळधार नव्हे, तिकडची ती बारीक रिपरिप, जिच्यात रस्ता धुऊन निघत नाही, नुसता तेलकट होतो. लेक चालवत होती, मी डावीकडे बसलेलो. एका राउंडअबाउटमध्ये शिरलो. वेग फार तर ताशी ३०-३५ किलोमीटर. पुढची टॅक्सी अचानक हळू झाली, लेकीनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि गाडीचा मागचा भाग निघून गेला. ब्रेकचा आवाज नाही, टायरचा आवाज नाही. गाडी गरकन फिरली आणि आम्ही ज्या दिशेनं आलो होतो तिकडे तोंड करून थांबलो. समोर लाल बस. बसवाला थांबला होता म्हणून मी आज हे बोलतो आहे. मागचं एक चाक फुटपाथच्या कडेला घासलं, एवढंच नुकसान.

लेकीचे हात स्टिअरिंगवर तसेच. काही बोलली नाही. घरी आली, चहा केला, आणि संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मला नाही जमत ही गाडी. विकून टाकते."

आता खरं सांगतो, कारण या भाषणात दुसरं काही लपवण्यासारखं नाही. त्याच क्षणी माझ्या मनात आलं होतं की हवा आपण वाढवली. काल २६ होती, आज ३३. आणि तरी मी दोन दिवस गप्प बसलो. ती स्वतःला दोष देत होती आणि मी देऊ दिला. वर सल्लाही दिला, की पावसात वळणावर पाय असा झटक्यानं काढायचा नसतो. सल्ला बरोबर होता. पण ती महिनोन्महिने तशीच चालवत होती, आणि गाडी घसरली नव्हती.

मागचे टायर जुने आहेत हेही मी शोधून काढलं. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५११ होतं, म्हणजे २०११ सालचा पस्तिसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर, नखानं दाबलं तर दगडासारखं. मला एकदम हायसं वाटलं. सापडला आरोपी! रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र कळलं की टायर आदल्या दिवशीही आठ वर्षांचेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि लेकीला समोर बसवलं. जे तिला दाखवलं तेच तुम्हाला सांगतो.

गाडी ९६० किलो, आम्ही दोघं धरून ११०० च्या वर थोडी. एका चाकावर साधारण २७७ किलो. हे वजन पेलतं कोण? रबर नव्हे, आतली हवा. २६ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो. २७७ ला १.८३ नं भागा. उत्तर येतं १५१ चौरस सेंटिमीटर. तेवढा टायर रस्त्याला टेकलेला असतो, म्हणजे जवळपास तुमच्या तळहाताएवढा. आता ३३ पीएसआय घ्या, २.३२ किलो. उत्तर १२० च्या आत. एक पंचमांश रस्ता मी हवेच्या नळीनं कापून टाकला होता. टायरची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे हिशोब काटेकोर नाही, पण दिशा तीच. आणि साडेपंधराशे किलोची भरलेली सेडान घेतली, तर तिला ३३ वर १६७ येतात. म्हणजे सेडान ३३ वर आणि ही हलकी गाडी २६ वर साधारण सारख्याच पायांवर उभ्या असतात. ‘पैंतीस’चा आकडा आपण सेडानकडून आणला आणि हलक्या गाडीला लावला. थोरल्याचे बूट धाकट्याला.

दुसरी गोष्ट अशी, की टायर ही स्वतःच एक स्प्रिंग आहे. रस्ता सपाट दिसला तरी बारीक खडबडीत असतो. जड गाडी कडक टायरलाही दाबून त्या खडबडीत बसवते. हलकी गाडी बसवू शकत नाही. तिचा फुगलेला टायर उड्या मारतो आणि मधल्या पट्ट्यावरच उभा राहतो. कोरड्यात हे कळत नाही, उलट स्टिअरिंग चटपटीत वाटतं. ओल्यात कळतं.

टायरच्या भिंतीवर आणखी एक आकडा असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय. काही हुशार लोक तोच भरतात. ती टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा आकडा नव्हे. तसंच लेकीच्या टायरवर १८५/६०आर१४ ८२ एच लिहिलं होतं. त्यातला ८२ म्हणजे एका टायरची ४७५ किलो पेलायची क्षमता. तिथे भार होता २७७. टायरला भाराची काही चिंताच नव्हती, आणि मी त्याला भार वाहायला सज्ज करत होतो.

एवढं ऐकून लेक म्हणाली, "मग वीस करूया. आणखी मोठा तळहात." मुलगी कुणाची! पण ते तसं नाही. हवा कमी केली की टायरच्या कडा जास्त वाकतात, तापतात, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग वळते. शिवाय साचलेल्या पाण्याचं गणित उलटं आहे. विमानांच्या टायरांवर काम करताना नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात एक सूत्र दिलं. टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल, ते त्याच्यातल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ताशी मैलांत हवं तर वर्गमुळाला १०.३५ नं गुणा. ३३ ला येतात सुमारे ५९ मैल, २६ ला ५३ आणि २० ला ४६. मोटारीच्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही, नक्षी किती खोल आहे, टायर किती रुंद आहे, यावर बरंच असतं. पण हवा कमी तेवढी पकड जास्त, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. ओल्या रस्त्यावर घसरणं वेगळं आणि साचलेल्या पाण्यावर तरंगणं वेगळं.

२६ या आकड्याची एक काळी बाजूही आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. ते फोर्डच्या एक्सप्लोररसारख्या उंच, जड गाड्यांवर होते. टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं मेली होती. फोर्डनं त्या गाडीसाठी हवा किती सांगितली होती? २६. फायरस्टोननं नंतर ३० चा आग्रह धरला, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीची झाली, ती याच प्रकरणानंतर केलेल्या कायद्यानं. म्हणजे जो आकडा ९६० किलोच्या गाडीला शोभतो, तोच दुप्पट वजनाच्या गाडीवर वादात सापडतो.

बरं. कबुली देऊन झाली. लेक हसली नाही, पण रागावलीही नाही. म्हणाली, "मग शोधूया. नीट शोधूया."

पहिली अडचण गेजची. घरात तीन गेज जमली. तिचं डिजिटल, माझं पेन्सिलसारखं, आणि सायकलच्या पंपावरचं घड्याळ. एकाच टायरला लावली, तर २६, २४ आणि साडेसत्तावीस. फौजेत गेज ठरावीक मुदतीनं तपासायला जायची. घरच्या गेजचं कोण बघतं? जवळच्या टायरवाल्याकडे तपासलेलं गेज होतं, त्याच्याशी ताडून पाहिलं. डिजिटल अर्ध्या पाउंडाचंच चुकत होतं. त्याच्यावर चिकटपट्टी लावून ‘अर्धा वजा’ लिहिलं आणि बाकीची दोन कपाटात टाकली. घड्याळ जसं एकच हवं, तसं गेजही एकच हवं.

दुसरं, थंड टायर म्हणजे काय? गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. दारावरचा आकडा थंड टायरचा असतो. हवा तापली की दाब चढतो, हे आपण शाळेत शिकलो, पण किती चढतो? इथे बी.एस्सी. कामाला आली. २६ हा आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, ४०.७ झाले. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८. भागाकार केला की दर अंशाला ०.१४ पीएसआय. साधारण ७ अंशांना एक पाउंड. शेफील्डला सप्टेंबरच्या दुपारी १८ अंश असताना भरलेली हवा जानेवारीत ४ अंशांवर पाहिली, तर पंक्चर नसतानाही दोन पाउंड उतरलेली दिसणार. आपल्याकडे उलटी चूक होते. मे महिन्यात दुपारी हायवेवरून आलात, टायर ६० अंशांना पोचलाय, गेज ३१ दाखवतंय, घाबरून हवा सोडून २६ केलीत, तर पहाटे २५ अंशांत ती २१-२२ च्या आसपास सापडेल. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचे टायर दुसऱ्या बाजूपेक्षा एखादा पाउंड जास्त दाखवतात, तेही याच कारणानं. म्हणून सकाळी, सावलीत.

उंचीचं गणितही यातच येतं, आणि ते मी पूर्वी प्रत्यक्ष पाहिलेलं. लेहला असताना खालून आलेल्या ट्रकांचे टायर गेजवर जास्त दाखवायचे आणि नवे ड्रायव्हर चक्रावायचे. पठाणकोटला वातावरण बाहेरून १४ पाउंडांनी दाबतं, लेहला साडेनऊनं. बाहेरचा हात सैल झाला की आतला तेवढाच जोरदार वाटतो. साडेचार पाउंड वाढ, मग टायर ट्रकचा असो की मोटारीचा. पण वर थंडीही असते, ती त्यातले दोन-तीन परत काढून घेते. एक हवालदार म्हणायचे, "साब, पहाड़ देता है, ठंड ले लेती है।" फिजिक्सच्या आमच्या मास्तरांना हे इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

आता खडूची परीक्षा. रविवारी सकाळी सातला सुपरमार्केटचं पार्किंग रिकामं असतं. टायरवर आडव्या जाड खडूच्या रेघा ओढायच्या, सरळ शंभर-दोनशे मीटर गाडी न्यायची, उतरून बघायचं. ३३ ला फक्त मधला पट्टा पुसला गेला, दोन्ही कडांची रेघ शाबूत. लेक वाकून बघत राहिली. हे तिला कागदावरच्या १२० आणि १५१ पेक्षा जास्त पटलं. २२ ला कडा पुसल्या, मध्ये फिकट रेघ उरली. २६ ला रेघ सारखी गेली. खडू सरळ रस्त्यावरचं सांगतो, वळणाचं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

तोवर चारही टायर नवे घातले, त्याच मापाचे. रुंद घालावेत असा दुकानदाराचा आग्रह होता. रुंद टायर छान दिसतात, पण हलक्या गाडीखाली पाण्यावर लवकर तरंगतात, म्हणून नको म्हटलं.

मग वळणांची परीक्षा. शेफील्डहून मँचेस्टरकडे ए-५७ रस्ता जातो. लेडीबॉवर तलावाच्या काठानं वर चढत स्नेक पासला पोचतो, ५१२ मीटरवर. आपल्या घाटांपुढे हा लहान, पण वळणं भरपूर आणि पाऊस ठरलेला. इथे लेकीनं एक अट घातली. आकडा तिनं बघायचा नाही. मी पहाटे उठून हवा लावायची, वहीत लिहायची, आणि ती चालवून आल्यावर सांगणार. मी बाजूला बसणार, पण तोंड बंद. मंडळी, अठ्ठावीस वर्षं हुकूम देणाऱ्या माणसाला हे किती जड जातं, ते तुम्ही आमच्या घरी विचारा.

चार रविवार झाले. वेग नेहमीचा, कायद्यातला. मर्यादा शोधायची नव्हतीच, फक्त गाडी काय बोलते ते ऐकायचं होतं. २३ ला ती म्हणाली, "स्टिअरिंग झोपलंय." ३० ला म्हणाली, "दातांत कंप येतोय, आणि मागचं टोक माझ्याशी बोलत नाहीये." पुढे २८ आणि मागे २५ केल्यावर तिनं वळणात नाक बाहेर जातंय असं सांगितलं नाही, पण खांदे उंचावून बसली होती, ते मी टिपलं. म्हटलं तर नियम आहे, फुगवाल त्या टोकाची पकड कमी होते. उलट केलं, मागे २९, तेव्हा पहिल्याच ओल्या वळणाआधी तिनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "बाबा, हा तो दिवस आहे." मी वही उघडून दाखवली नाही. तिथेच, रस्त्याच्या कडेला, मागची हवा सोडली. तो आकडा पुन्हा लावला नाही, आणि लावायला नको होता हेही खरं. परीक्षेच्या नादात मी दुसऱ्यांदा तीच चूक केली होती.

शेवटच्या रविवारी तीन वेगवेगळे आकडे लावले. तीनदा चालवून तिनं जो निवडला, तो वहीत २६ होता, चारही चाकांत. मी पुन्हा एकदा, दुसऱ्या क्रमानं लावून पाहिलं. तोच. तीस वर्षांपूर्वी हिरोशिमाच्या कुणा इंजिनिअरनं दारावर चिकटवलेला आकडा.

चढाहून परतल्यावर तापलेल्या टायरचा दाबही रोज लिहिला. २६ चे २९, कधी साडेएकोणतीस. साधा ठोकताळा असा, की गरम झाल्यावर चार पाउंडांपेक्षा जास्त चढली तर सुरुवातीला हवा कमी होती. २३ ला ती पाच चढली होती. शर्यतीवाले टायरमध्ये सुई खुपसून आत, मध्ये आणि बाहेर असं तीन जागी तापमान मोजतात. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी. एकटी आतली कड तापली तर हवेला दोष देऊ नये, ते चाकाच्या झुकावामुळे होतं. आमच्याकडे स्वयंपाकाचं लाल किरणवालं यंत्र होतं. ते फक्त वरची कातडी मोजतं, आणि गाडी थांबवून उतरेपर्यंत ती निवते, म्हणून त्या आकड्यांवर मी विसंबलो नाही.

नायट्रोजनबद्दल विचारणारे असतातच, म्हणून सांगून टाकतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हिरव्या टोपणाचे पैसे द्यायचे तर द्या, पण गेज रोजचंच लागेल.

तुमच्या गाडीचा आकडा मी सांगणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो. दोन ओळी असतील, एक थोड्या माणसांची, एक भरलेल्या गाडीची. आपल्याकडच्या सातशे-आठशे किलोच्या छोट्या गाड्यांच्या मालकांनी तर आधी तो वाचावा आणि मग पंपावर जावं. टायरचं माप बदललं असेल तर खडू घ्या. लेकीनंही मोटारवेवर सामान आणि मैत्रीण घेऊन जाताना २८ करायचं ठरवलं, परतल्यावर पुन्हा २६.

गाडी तिनं विकली नाही. मी डिसेंबरात परत आलो, तेव्हा विमानतळावर तीच सोडायला आली. छत उघडं, बाहेर ६ अंश, माझी बॅग मांडीवर, कारण डिकीत दुसरी बॅग मावली नाही. राउंडअबाउट आले, ओले होते, आणि मी डावीकडे गप्प बसलो होतो.

अजून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नंतर. आधी रिपोर्ट, एमटी हवालदारासारखा.

"सव्वीस, सव्वीस, सव्वीस, चोवीस. मागचा डावा."

"मागच्या महिन्यात?"

"पंचवीस."

"व्हॉल्व्हला थुंकी लावून बघ, बुडबुडा येतो का. नसेल येत तर खिळा असेल."

"बघितलं, बाबा. खिळाच आहे."

जय हिंद.